पार्सल वाटेत असतानाच जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सणासुदीला ऑनलाइन खरेदीबद्दल बरेच छापून येते, पण ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. पैसे भरताना माणूस सावध असतोच. फसतो तो नंतर, पार्सलची वाट बघताना.

आपल्याकडे ही वाट लांबते. धडगाव-अक्कलकुव्याकडे पार्सल ठरल्या दिवशी येईलच असे नाही, आणि मळ्यात राहणाऱ्याचा पत्ता म्हणजे ‘अमक्याच्या विहिरीजवळ’. म्हणून ‘पत्ता अपुरा, पाच रुपये भरा’ हा मेसेज खरा वाटतो. पाच रुपये निमित्तमात्र. लिंकवर कार्डाचा नंबर गेला की मागून येणारा ओटीपी मोठ्या रकमेचा असतो. ती रक्कम बहुधा त्याच मेसेजमध्ये लिहिलेली असते, पण घाईत फक्त आकडे टिपले जातात.

याहून वाईट म्हणजे ‘पार्सल कुठे आहे ते बघा’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल. ती एसएमएस वाचायची परवानगी मागते. परवानगी दिली की पुढचे ओटीपी न सांगताच चोराकडे जातात. चुकून इन्स्टॉल झालीच तर आधी इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून कार्ड व यूपीआय बंद करावे, मग फोन रिसेट करावा. नुसते अ‍ॅप काढून भागेलच असे नाही.

वस्तू परत करायची असेल तर कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये, खरेदीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. परताव्यासाठी पिन मागितला आणि तो टाकला की पैसे जाणारच.

पंपाचा कपॅसिटर किंवा ठिबकचा सुटा भाग घरपोच मिळतो, जळगाव-धुळ्याची एक फेरी वाचते; ही सोय सोडा असे कोण म्हणेल? फक्त केळीचे, कापसाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात ते यूपीआयला जोडू नये. खरेदीसाठी दोन-तीन हजारांचे वेगळे खाते पुरते. कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद-चालू करता येतात, मर्यादाही घालता येते.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळले तरच ती अडवता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान मात्र आपलेच. वस्तूच खराब निघाली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पार्सल फोडताना लेबलसकट सलग व्हिडिओ काढलेला असला म्हणजे वाद लांबत नाही.

आपण रोज सोन्याचे आणि केळीचे भाव छापता. त्याच चौकटीत १९३० हा आकडाही छापावा, ही विनंती.

एक वाचक,
शहादा, जि. नंदुरबार