दिव्यांग मुलींना नोकरीची तयारी शाळेतच हवी

महोदय,

संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या दिव्यांग हक्क करारातील कलम 6 दिव्यांग स्त्रियांच्या वाट्याला येणारा अनेकपदरी भेदभाव मान्य करते आणि कलम 27 कामाचा हक्क सांगते. तरीही किशोरवयीन दिव्यांग मुलीला ‘पुढे काय करणार?’ असे क्वचितच कोणी विचारते. माझी एक अंध विद्यार्थिनी स्क्रीन रीडरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सफाईने काम करीत असे, परंतु मुलाखतीत आपल्याला लागणारी सोय संकोच न करता कशी मागावी, हे तिला कोणीच शिकवले नव्हते. (आम्ही शिकवले ते फक्त आभार मानायला!) एकटीने प्रवास, पगाराचा हिशेब, ठाम नकार आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांची सुरुवात 14-15 व्या वर्षीच व्हावी, आणि त्याचे नियोजन ठरवणाऱ्या बैठकीत पालकांबरोबर ती मुलगीही बसलेली असावी.

– एक शिक्षिका