पांढऱ्या प्रवाळांच्या बातमीत पिल्ले कुठे आहेत?

महोदय,

१९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्राचे पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अशा बातम्यांत प्रवाळांचा रंग गेल्याची हळहळ असते. त्यांच्या फांद्यांत वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

प्रवाळभित्तीवरील बहुतेक माशांची पिल्ले काही आठवडे खुल्या समुद्रात काढतात आणि मग, बहुधा रात्री, नखाएवढी असतानाच भित्तीवर उतरतात. पुढचे एक-दोन दिवस सर्वांत घातक असतात. या काळात सरासरी निम्म्याहून अधिक पिल्ले मोठ्या माशांच्या तोंडी जातात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हंबग डॅमसेल माशाची पिल्ले म्हणूनच स्वजातीयांच्या गंधाचा माग काढत, आधीच थवा राहत असलेले फांद्यांचे प्रवाळ निवडतात. दिवसा हा थवा प्रवाळाच्या वर तरंगून प्लवक (पाण्यात वाहणारे सूक्ष्म जीव) टिपतो आणि संकटाची चाहूल लागताच सगळा फांद्यांत शिरतो. आसरा फुकट मिळत नाही: थव्यात आकारानुसार उतरंड असते, आणि मोठे मासे नवख्यांना हुसकावतात, चांगल्या खाद्याची जागा स्वतःकडे ठेवतात. तरीही एकटे राहण्यापेक्षा हा जाच परवडतो. प्रवाळालाही या भाडेकरूंचा लाभ होतो, कारण त्यांच्या उत्सर्गातील अमोनिया त्याचे पोषण करतो आणि रात्री फांद्यांत हलणाऱ्या त्यांच्या परांमुळे आत प्राणवायूयुक्त पाणी खेळते.

पांढरा पडलेला प्रवाळ मेला तरी त्याचा सांगाडा काही काळ उभा असतो. नंतर त्यावर शेवाळ चढते, पोखरणारे जीव आणि लाटा तो मोडतात, आणि लपण्याच्या फटीच नाहीशा होतात. लक्षद्वीपमध्ये काठी-गळाने कुपा (ट्यूना) पकडणारे मच्छीमार जिवंत आमिषासाठी लगूनमधील, म्हणजे भित्तीच्या आतल्या उथळ पाण्यातील, ज्या लहान माशांवर अवलंबून असतात, त्यांत फांद्यांच्या प्रवाळात राहणारे हिरवट-निळे डॅमसेलही आहेत; तेव्हा हा प्रश्न तिथल्या चुलीपर्यंत पोहोचतो.

म्हणून प्रवाळांची पाहणी करताना जिवंत प्रवाळाच्या टक्केवारीबरोबर उभ्या फांद्या आणि नव्याने उतरलेली पिल्लेही नियमितपणे मोजली जावीत. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, पण नौकेचा नांगर किंवा पाणबुड्या पर्यटकाची लाथ फांदी मोडताना कायदा आठवत नाही. लक्षद्वीपला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी प्रवाळावर पाय टेकू नये, आणि प्रशासनाने पर्यटन-नौकांसाठी नांगराऐवजी नौका बांधायला कायमचे तरंगते बोये पुढील हंगामापूर्वी बसवावेत, ही विनंती.

– एक वाचक, मालवण