ओहतानीला कोणी विकत घेतलेले नाही

महोदय,

लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाविषयी मराठी वृत्तपत्रांत जो मजकूर अधूनमधून येतो, त्यात जपानी खेळाडू ओहतानीविषयी ‘शोहेई ओहतानीला ७० कोटी डॉलरला विकत घेतले’, ‘ओहतानीवर विक्रमी बोली’ अशी वाक्ये मी आता अनेकदा वाचली आहेत. डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकल्यावर तर ‘विकत घेतलेले विजेतेपद’ हा शब्दप्रयोग जणू रूढच झाला. मी न्यू जर्सीत राहतो आणि न्यूयॉर्क मेट्सचा पाठीराखा आहे, म्हणजे डॉजर्सची बाजू घेण्याचे मला काही कारण नाही. तरीही या शब्दांना माझी हरकत आहे, आणि ती केवळ भाषेपुरती नाही.

खेळाडूंचा बाजार म्हटला की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आयपीएलचा लिलाव येतो. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाला ऋषभ पंतवर लखनौने २७ कोटी रुपयांची बोली लावली, हातोडा पडला आणि पंत लखनौचा झाला. त्याला त्या संघाकडून खेळायचे आहे का, हे त्या सभागृहात कोणी विचारत नाही. उलट बोली लागल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेणाऱ्या खेळाडूवर दोन हंगामांची बंदी येते. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेत मात्र सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली आणि करार संपला की खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, म्हणजे कोणत्या संघाशी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर करार करायचा हे तो स्वतः ठरवतो. ओहतानी २०१८ ते २०२३ अशी सहा वर्षे शेजारच्याच अनाहाइममध्ये एंजल्सकडून खेळला, त्या काळात एंजल्स एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या बाद फेरीत, पोहोचले नाहीत, आणि डिसेंबर २०२३मध्ये त्याने डॉजर्सची निवड केली. पुढच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या निवडफेरीतला, एक जादा क्रमांक सोडला तर एंजल्सच्या हाती काहीही पडले नाही. जिथे विकणाराच नाही, तिथे विक्री कसली?

हा हक्क खेळाडूंना कोणी आनंदाने दिलेला नाही. १९६९ साली सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या आपल्या नामवंत खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाच्या संघाकडे धाडायचे ठरवले. तेव्हा वर्षाला ९० हजार डॉलर कमावणाऱ्या फ्लडने २४ डिसेंबर रोजी बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की, माझी इच्छा न विचारता खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता मी नाही. त्याने १९७०चा पूर्ण हंगाम सोडला, खटला लढवला आणि १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. पुढे डिसेंबर १९७५मध्ये पीटर सीट्झ या लवादाने अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंच्या) बाजूने निकाल दिला आणि खेळाडूला जन्मभर एका संघाला बांधून ठेवणारे कलम निकामी झाले. यातला मेसरस्मिथ डॉजर्सचाच पिचर होता आणि तो भांडला होता डॉजर्सशीच. ज्या शब्दाविरुद्ध फ्लडने आपली कारकीर्द पणाला लावली, तोच शब्द आपण आज मथळ्यात सहज वापरतो, याचे मला वाईट वाटते.

ओहतानी आला त्या, २०२३-२४च्या हिवाळ्यात डॉजर्सने पैसा पाण्यासारखा ओतला हे मात्र निर्विवाद. ओहतानीचे १० वर्षांचे ७० कोटी, योशिनोबू यामामोतोचे १२ वर्षांचे साडेबत्तीस कोटी, टायलर ग्लासनाऊचे ५ वर्षांचे १३ कोटी ६५ लाख, तेओस्कार एर्नांदेसचे एका वर्षाचे २ कोटी ३५ लाख, अशी सगळी बेरीज ११८ कोटी डॉलरच्या पुढे जाते. त्यातही यामामोतोसाठी जपानमधल्या त्याच्या जुन्या संघाला, ओरिक्स बफेलोजला, सुमारे ५ कोटी डॉलर वेगळे मोजावे लागले आणि ग्लासनाऊ तर टँपा बेकडून अदलाबदलीत आला. म्हणजे ‘विकत घेतले’ हा शब्द कुठे थोडाफार लागू पडत असेल तर तो या दोघांना. मथळ्यात मात्र नाव असते ओहतानीचे.

आयुष्यभर हिशेबाच्या खातेवह्या तपासल्यामुळे ७० कोटी या आकड्याशी मला आणखी एक भांडण आहे. ओहतानीला करारातली दहा वर्षे दरवर्षी फक्त २० लाख डॉलर मिळतात. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, तेही बिनव्याजी. हा उशीर हिशेबात धरून लीग त्याचा करार वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखांचा मोजते, आणि म्हणून डॉजर्सचा लक्झरी टॅक्सही, म्हणजे पगारबिल ठरावीक रकमेच्या वर गेले की संघाला भरावा लागणारा करही, त्या प्रमाणात कमी होतो. (तरीही २०२४चा हा कर १० कोटी ३० लाख डॉलर झालाच.) आम्हा मेट्सवाल्यांना ही युक्ती नवी नाही. बॉबी बोनिया १९९९नंतर मेट्सकडून एकही सामना खेळलेला नाही, पण थकवलेल्या रकमेपोटी, ८ टक्के व्याजासह, त्याला दरवर्षी १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर मिळतात आणि ते २०३५पर्यंत मिळत राहतील. त्या दिवशी सकाळी माझ्या मुलाचा न चुकता निरोप येतो: “बाबा, आज बोनियाचा पगार झाला.”

विजेतेपद विकत मिळते की नाही, हे ज्यांना तपासायचे असेल त्यांनी आमच्याकडे यावे. २०२३च्या हंगामासाठी मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांनी इतका खर्च केला की एकट्या लक्झरी टॅक्सचा आकडा १० कोटी डॉलरवर गेला. एप्रिलमध्ये मुलाने मॅक्स शेर्झर या महागड्या पिचरच्या नावाचा, २१ क्रमांकाचा शर्ट हौसेने घेतला आणि तो घालून आम्ही सात नंबरच्या गाडीने सिटी फील्डला गेलो. जुलै संपता संपता शेर्झर टेक्सासला रवाना झाला, पाठोपाठ दुसरा महागडा पिचर जस्टिन व्हरलँडरही ह्यूस्टनला गेला, आणि आम्ही ७५ विजय व ८७ पराभवांवर हंगाम संपवला. तो शर्ट अजून कपाटात टांगलेला आहे. पुढे डिसेंबर २०२४मध्ये मेट्सचा हुआन सोतोशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाखांचा करार झाला, जो ओहतानीच्या करारापेक्षाही मोठा आहे. पण २०२५मध्ये शेवटच्या दिवशी मायामीत, सर्वांत कमी पगारबिल असलेल्या संघांपैकी एकाकडून, ४-० अशी हार पत्करून आम्ही प्लेऑफबाहेर पडलो.

खर्चाविषयी राग धरायचाच असेल तर तो खर्च न करणाऱ्यांवरही धरावा. डॉजर्सकडे २०१३ साली झालेला २५ वर्षांचा ८३५ कोटी डॉलरचा दूरचित्रवाणी करार आहे आणि २०२५मध्ये त्यांच्या मैदानावर ४० लाखांहून अधिक प्रेक्षक आले, त्यामुळे त्यांच्याशी बरोबरी सोपी नाही हे मान्य. पण प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा मोठा वाटा एकत्र करून तो सर्वांत वाटला जातो; हा पैसा खेळाडूंवर खर्च न करणाऱ्या चार संघांविरुद्ध २०१८ साली खेळाडूंच्या संघटनेने तक्रारही केली होती. त्यांपैकी पिट्सबर्ग २०१५नंतर २०२५पर्यंत एकदाही प्लेऑफमध्ये दिसले नाही. तिथल्या प्रेक्षकाने तिकीट काढून नेमके काय मिळवले, यावर अर्ध्या रकान्याचाही मजकूर माझ्या वाचनात आलेला नाही.

हा शब्द आत्ताच सुधारण्याची घाई मी का करतो, तेही सांगतो. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर आयपीएलसारखी कमाल मर्यादा असावी, ही मालकांच्या गोटातली जुनी मागणी त्या वाटाघाटींत पुढे येणार. याच मागणीवरून १९९४मध्ये संप झाला आणि वर्ल्ड सीरिजच रद्द करावी लागली. ‘श्रीमंत संघ खेळाडू विकत घेतात’ हे वाक्य वाचकाच्या मनात आधीच पक्के बसलेले असेल, तर मर्यादा त्याला आपोआप न्याय्य वाटेल, आणि ती पडते तेव्हा कोणाचा पगार कापला जातो व कोणाची तिजोरी भरते हे तो विचारणार नाही. म्हणून यापुढे ‘विकत घेतले’ऐवजी ‘करारबद्ध केले’ असे लिहावे, आणि करारातली किती रक्कम आत्ता मिळणार व किती नंतर, तेही त्याच बातमीत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
न्यू जर्सी, अमेरिका