मुंडण नको, फणी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना अर्धा सरला की गोव्यातल्या कुत्र्यांचे केस विंचरणाऱ्या-कापणाऱ्या, म्हणजे ग्रूमिंगच्या दुकानांत एकच मागणी ऐकू येते, ‘उकडतं हो बिचाऱ्याला, सगळे केस काढून टाका.’ अर्ध्या तासात मशीन फिरते आणि आत गेलेला गोल्डन रिट्रीव्हर फिकट वासरासारखा होऊन बाहेर येतो. कुत्र्याला गार वाटेल आणि सोफ्यावरचे केस थांबतील, अशा दोन समजुती घेऊन घरचे त्याला घरी नेतात. दोन्ही चुकीच्या आहेत. गळायचे केस गळतातच, फक्त आता ते आखूड असतात. आखूड केस सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात आणि झाडूलाही दाद देत नाहीत. मिरग तोंडावर आला आहे, म्हणून हे आत्ताच लिहिणे भाग आहे.

आधी आपल्या कुत्र्याचा कोट, म्हणजे अंगावरच्या केसांचा थर, कोणता ते पाहावे. शेपटीच्या वर चार बोटांवर पाठीचे केस दोन्ही हातांनी दुभंगून उजेडात धरा. वर लांब, थोडे राठ केस आणि मुळाशी कापसासारखी दाट, फिकट लव दिसली तर तो दुहेरी कोट. गोल्डन, लांब केसांचा जर्मन शेफर्ड, हस्की, पोमेरेनियन आणि आपल्याकडे सर्रास ‘पॉम’ म्हणून खपणारा इंडियन स्पिट्झ हे सगळे यात येतात. लॅब्राडॉर आखूड केसांचा दिसतो, पण तोही याच पंगतीतला. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस मात्र माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. ते कापले तरी पुन्हा येतात. मशीन चालते ते यांना.

कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. पाठीवरचा नीट विंचरलेला कोट उन्हाचा ताप कातडीपर्यंत पोचू देत नाही. केसांत हवा खेळती राहते आणि घराला पडवीची सावली असावी तशी ती अंगाला मिळते. कोट विंचरलाच नाही, सुटलेली लव आत अडकून नमद्यासारखी घट्ट झाली, तर मात्र उकडते. चूक अडकलेल्या केसांची आणि शिक्षा सगळ्या कोटाला, असा हा न्याय आहे. गुळगुळीत काढलेल्या पाठीला ऊन थेट भाजते, डास आणि गोमाशा थेट बसतात.

केस परत येण्याचीही खात्री नसते. केसाचा एक काळ वाढीचा, एक विश्रांतीचा. हस्की, पॉम, स्पिट्झ यांच्या अंगावरचे बरेचसे केस दीर्घकाळ विश्रांतीत असतात. अशा वेळी ते मुळाशी कापले तर पुढचा वाढीचा काळ येईपर्यंत कातडी तशीच राहते. सहा ते बारा महिने लागतात, कधी त्याहून जास्त. मग आतली लव आधी फुटते आणि राठ केस मागाहून, कधी अर्धवट. असा लोकरी कोट दर आठवड्याला गुंततो. सोनोग्राफीसाठी किंवा ऑपरेशनसाठी डॉक्टर केस काढतात तिथेही पुष्कळदा असेच होते, पण तो नाइलाज असतो. त्याबद्दल डॉक्टरांशी भांडू नये.

‘परदेशात वर्षातून दोनदाच गळतात म्हणे, आमच्याकडे बारा महिने का?’ असे बरेच जण विचारतात. केस बदलायचा इशारा कुत्र्याचे शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून घेते. गोल्डन रिट्रीव्हर ज्या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, तिथे जूनमधला दिवस सुमारे १८ तासांचा आणि डिसेंबरमधला जेमतेम साडेसहा तासांचा असतो. पणजीत हा फरक पावणेदोन तासांच्या आसपास. त्यात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट आणि खोलीत एसी. शरीराला स्पष्ट निरोपच मिळत नाही, म्हणून रोज थोडे थोडे गळत राहते आणि वर्षातून एक-दोनदा लाट येते. ही लाट दोन ते चार आठवडे चालते. तेव्हा मांडीचे केस चिमटीत धरून हलके ओढले तरी पुंजका हातात येतो आणि कुत्रा मागे वळूनही पाहत नाही.

यावर औषध एकच, फणी. तीन हत्यारे पुरतात: बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, लव ओढून काढणारा रेक आणि अर्ध्या भागात विरळ, अर्ध्यात दाट दात असलेली स्टीलची फणी. सुटलेले केस काढायचे पात्याचे ‘डी-शेडिंग’ हत्यार जाहिरातीत मोठा ढीग काढून दाखवते, पण जास्त वापरले तर ते वरचे चांगले केसही कापते. वापरायचेच तर पंधरा दिवसांतून एकदा, एका जागी चार-पाच वेळांपेक्षा जास्त फिरवू नये.

वरवर ब्रश फिरवणे म्हणजे नुसती हजेरी लावणे. आत लव तशीच राहते. पद्धत अशी: कुत्र्याला कुशीवर झोपवा, मागच्या पायाच्या तळापासून सुरुवात करा. डाव्या हाताने केस वर दाबून धरा, खाली बोटभर पट्टी मोकळी सोडा, कातडीची रेघ दिसली पाहिजे. ती पट्टी मुळापासून टोकाकडे ब्रश करा, मग हात बोटभर वर सरकवा आणि पुढची पट्टी. मांडी, कूस, खांदा, मान असे वर चढत जा. ब्रश कातडीवर दाबू नका. तारांचे ओरखडे उठले तर दुसऱ्या दिवसापासून कुत्रा ब्रश पाहूनच पलंगाखाली जाईल. शेवटी फणी मुळाशी टेकवून सरळ बाहेर ओढा. कुठे अडली तर तिथे काम बाकी आहे. आठवड्यातून तीनदा पंधरा-वीस मिनिटे, आणि लाटेच्या दिवसांत रोज. कोरडे केस मोडतात म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. आणि हे सगळे बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून करायचे तर शेजारच्यांचे कपडे दोरीवर नाहीत ना, ते आधी बघावे.

जटा होतात त्या ठरलेल्या जागी: कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली आणि मागच्या पायांच्या झुपक्यांत. जट असताना अंघोळ घालणे ही सर्वांत महागडी चूक, कारण पाणी लागून वाळली की ती आवळते. आधी चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळा, मुळाशी केस बोटांत घट्ट पकडा म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि फणीच्या टोकाच्या दातांनी बाहेरच्या कडेपासून थोडे थोडे उकला. मधोमध फणी घुसवू नका. न उकलणारी जट केसांच्या दिशेने उभी दोन-तीन भागांत चिरावी. कात्री थेट जटेखाली कधीच घालू नये. जट ओढली की कातडी तंबूसारखी वर येते आणि केस समजून कातडीच कापली जाते. काखेत असे टाके पडलेले कुत्रे डॉक्टरांकडे नेहमी येतात. जट आणि कातडी यांच्यात फणी सरकवा, कात्री फणीच्या वरून चालवा. फणीच सरकत नसेल तर ते काम जाणत्याचे. तेवढ्या जागेपुरते मशीन लावणे मग योग्यच.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. माणसाचा शाम्पू नको. आपली कातडी आम्लधर्मी, कुत्र्याची उदासीनच्या जवळची. दाट कोटावर शाम्पू तसाच ओतला तर एका जागी बसतो आणि धुतला जात नाही, म्हणून एका भागाला दहा भाग कोमट पाणी मिसळून बाटलीने मुळाशी सोडावा. चोळायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुवावे. राहिलेल्या शाम्पूनेच पुढे कोंडा आणि खाज सुटते. मोरीच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी ठेवली तर प्लंबर वाचतो.

खरी गोची पुढे आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कोट आपोआप वाळतच नाही. वरून हात फिरवला तर कोरडा लागतो, मुळाशी ओल असते. टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा. मग ब्लोअर किंवा ड्रायर कोमट किंवा गार हवेवर, वीतभर लांब, आणि हवेने दुभंगलेल्या रेषेतच ब्रश. मोठ्या गोल्डनला यात पाऊण-एक तास सहज जातो. कान, काख, शेपटीचे मूळ आणि बोटांच्या बेचक्या दुभंगून तळहाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गार लागले तर ओल आहे.

ही ओल राहिली की ‘हॉट स्पॉट’ येतो. सकाळी कानाखाली चिकट केस दिसतात आणि संध्याकाळपर्यंत तिथे रुपयापेक्षा मोठी लाल, पाझरणारी, दुखरी जागा झालेली असते. गोल्डनच्या गालावर तर हमखास. भोवतीचे केस निरोगी कातडी दिसेपर्यंत आखूड करावेत, सलाइनने पुसून कोरडे ठेवावे, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालावा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत डॉक्टर गाठावा. घरातले माणसांचे मलम लावू नका. कुत्रा ते चाटतो, आणि वरून खपली धरून आत पू साचतो.

पावसात रोज फिरून आल्यावर शाम्पू लागत नाही. पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, कोरडे करा. तांबड्या मातीचा चिखल अंगावर असेल तर तो वाळू द्या, मग ब्रशने झडतो. ओला चोळला तर मुळाशी जातो. रेनकोट काखेत घासतो आणि तिथेच जट करतो, तो दारातच काढावा. रात्री चामडी पट्टाही काढून ठेवावा. समुद्रावर नेले तर खारे पाणी आणि वाळू त्याच दिवशी गोड्या पाण्याने काढावी. पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या माळांवरचे, गवत वाळले की कुसळे लांब केसांत शिरतात आणि केसांबरोबर पुढे पुढे सरकत कातडीत घुसतात. बोटांच्या बेचक्या आणि कान घरी येताच तपासा. कुत्रा एकच पंजा सारखा चाटत असेल तर तिथे कुसळ आहे असेच समजावे.

गोचिडी दाट कोटात डोळ्यांना दिसत नाहीत, पट्टी पट्टी विंचरताना बोटांना लागतात. मानेवर टाकायचे औषध केसांवर ओतले तर वाया जाते. खांद्यांच्या मध्ये केस दुभंगून कातडीवरच टाकावे. अशा बहुतेक औषधांच्या आधी आणि नंतर ४८ तास अंघोळ नको. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेले औषध आणूच नये, मांजराच्या ते जिवावर बेतते.

खोबरेल चोळण्याची आपल्याकडे भारी हौस. तेलाने केस चकचकतात, धूळ धरतात, कुत्रा चाटतो आणि हगवण लागते. शिवाय तेलकट, दमट कातडी बुरशीला मानवते. चमक आतूनच येते. केस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिन, आणि नुसत्या भात-कढीवर वाढलेल्या कुत्र्याचा कोट ते लपवू शकत नाही. बिनमिठाचे उकडलेले तारले किंवा बांगडे, काटे पूर्ण काढून, आठवड्यातून दोन-तीनदा थोडे द्यावे. हुमण, म्हणजे माशांची आमटी, नको, त्यात कांदा-लसूण, मीठ, तिखट सगळेच आहे. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात.

काही गळती फणीच्या कक्षेबाहेरची असते. दोन्ही कुशींवर सारख्या जागी केस विरळ होणे आणि खाज मात्र नसणे हे थायरॉइडसारख्या हार्मोनच्या बिघाडाचे लक्षण असू शकते. गोल, कोंडा धरलेला चट्टा गजकर्णाचा असू शकतो आणि तो घरातल्या मुलांनाही लागतो. सतत खाजवणे, लाली, वास आला तरी डॉक्टरच. याउलट व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांत कुत्रीचा कोट उतरणे, किंवा चार-सहा महिन्यांच्या पॉमच्या पिल्लाचे तोंड माकडासारखे दिसू लागणे, हे नेहमीचेच. शिह त्झूचा पिल्लाचा कोट वर्षाच्या आसपास बदलतो. त्या दोन-तीन महिन्यांत रोज विंचरले नाही तर मुंडणच हाती राहते.

दुकानात गेल्यावर ‘समर कट’ हा शब्द काढूच नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. दुहेरी कोटासाठी एवढेच सांगा: लव काढून अंघोळ, मुळापर्यंत वाळवणे, आणि फक्त पंजे, मागचे झुपके व शौचाची जागा आखूड करणे. पंजांच्या गाद्यांमधले केस आणि शौचाच्या जागेसाठी १० नंबरचे पाते योग्य, ते दीड मिलिमीटर केस ठेवते. पाठीवर तेच फिरले की वर्षभर कोट विसरा. शिह त्झूला अंगावर साधारण १ सेंटिमीटर केस राहतील असे ४-एफ पाते मागावे, आणि पाते तापते म्हणून दर काही मिनिटांनी हाताला लावून पाहायला सांगावे. ‘मशीन लावल्याशिवाय होणारच नाही’ असे उत्तर आले, तर फणी नेमकी कुठे अडते ते दाखवायला सांगा. बहुतेक वेळा ती कानामागे आणि जांघेतच अडते, पाठीवर नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा