बल्ब पेटवता येतो का, ते तपासा

महोदय,

सहावी-सातवीच्या चाचणीत ‘विद्युत परिपथ म्हणजे काय?’ विचारले की घोकंपट्टीच तपासली जाते. त्याऐवजी दोघांत मिळून दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वीतभर लांबीची एकच वायर द्यावी. टोके सेंटिमीटरभर सोललेली. बरीच मुले बल्बचे फक्त बूड टेकवतात. बल्बचे दुसरे टोक म्हणजे बाजूची धातूची कडा, हे फळ्यावरच्या आकृतीत कुठे दिसते? सेलची दोन्ही टोके थेट जोडली तर वायर तापते, लगेच सोडवावी. पांढरा एलईडी देऊच नये; दीड व्होल्टवर तो पेटत नाही आणि खापर मुलावर फुटते. गुण मुलांनी काढलेली जोडणीची आकृती पाहून द्यावेत, सेल उतरलेलाही असू शकतो.

– एक विज्ञान शिक्षक, सातारा