चार डोस आणि दोन ग्रे: डॉ. रेनर स्टॉर्ब यांना आभारपत्र

आदरणीय डॉ. स्टॉर्ब,

सप्रेम नमस्कार.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणात दात्याच्या मूलपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) चढवतात तो दिवस शून्य. त्यानंतरच्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या दिवशी रुग्णाच्या चार्टवर मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध असते: पहिल्यांदा प्रति चौरस मीटर १५ मिलिग्रॅम, पुढे तीनदा १०. सिएटलमध्ये आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी सायक्लोस्पोरिन या तशाच दुसऱ्या औषधाला या चार डोसांची जोड दिली आणि १९८६ मध्ये ९३ रुग्णांचे निकाल मांडले. नुसत्या सायक्लोस्पोरिनवर ५४ टक्के जणांना तीव्र जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर केलेला हल्ला) झाला होता, दोन्ही औषधांवर ३३ टक्के. दात्याच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत परके समजून पोखरतात, तेव्हा काय हाल होतात हे जवळून पाहणाऱ्यांना या फरकाचे मोल ठाऊक आहे. आमचे पहिले आभार त्यासाठी.

हे डोस सोपे नाहीत. तोंड सोलवटते, घोट गिळवत नाही आणि नव्या पेशी रुजायला काही दिवस जास्त लागतात. म्हणून अकराव्या दिवसाचा डोस गाळायचा मोह होतो. यकृताचे बिलिरुबिन किंवा मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन रक्तात चढले असेल, तोंडाची जखम श्वासाच्या वाटेपर्यंत पोचली असेल, तर तो थांबवावा. पण निव्वळ सवयीने गाळू नये, असे आमचे ठाम मत आहे. फुप्फुसाभोवती किंवा पोटात पाणी साठले असेल तर अधिक सावध राहावे लागते. औषध त्या पाण्यात मुरते आणि हळूहळू रक्तात परतत राहते, त्यामुळे नेहमीचाच डोस विषारी ठरतो. अशा वेळी ल्युकोव्होरिन हा मेथोट्रेक्सेटवरचा उतारा हाताशी हवा.

सायक्लोस्पोरिनचे दुखणे वेगळे. रक्तदाब चढतो, मॅग्नेशियम उतरते, हात थरथरतात, मूत्रपिंड कुरकुरते. व्होरिकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध सुरू केले की रक्तातली सायक्लोस्पोरिनची पातळी झपाट्याने वाढते; ते बंद केले की तितकीच कोसळते, आणि जीव्हीएचडी नेमका तिथे डोके वर काढतो. पातळीचा नमुना सकाळचा डोस घेण्याआधीच काढायचा. सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीसंचाच्या) ज्या नळीतून हे औषध जाते तिच्यातून तो कधीच घेऊ नये. नळीच्या आतल्या भिंतीला औषध चिकटून राहते, आकडा खोटाच मोठा येतो, कोणीतरी डोस कमी करते आणि रुग्ण उघडा पडतो.

दुसरे आभार त्या दोन ग्रेंचे; ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचे एकक. एकेकाळी अस्थिमज्जा पूर्ण जाळल्याशिवाय प्रत्यारोपण नाही, असाच समज होता. वयस्क रुग्णाचे शरीर ते सोसत नसे. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पेशी खात्रीने रुजायला ९.२ ग्रे किरण लागत. पुढे सायक्लोस्पोरिन आणि मायकोफेनोलेट (हेही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) दिले, तर २ ग्रे पुरतात, हे आपण दाखवून दिलेत. १ ग्रेवर पेशी टिकल्या नाहीत, हेही सांगितलेत. मग माणसांवर: २००१ च्या अहवालातल्या ४५ रुग्णांचे मध्यक वय ५६ होते. नुसत्या २ ग्रेवर सुमारे २० टक्के जणांनी दात्याच्या पेशी नाकारल्या. आपण तो आकडा झाकला नाहीत. तीन दिवस प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम फ्लुडाराबिन या केमोथेरपीच्या औषधाची भर घातलीत आणि नकाराचे प्रमाण खाली आले.

या पद्धतीत कर्करोग मारायचे काम मुख्यतः दात्याच्या पेशींवर सोडलेले असते, आणि त्यांना आठवडे, कधी महिने लागतात. म्हणूनच वेगाने वाढणारा ल्युकेमिया आधी आटोक्यात आणावा लागतो. नाहीतर शर्यत तोच जिंकतो. अठ्ठाविसाव्या दिवशी टी-पेशींमध्ये दात्याचा वाटा निम्म्याहून कमी दिसला, तर धोक्याची घंटा समजायची.

आणखी एक काम क्वचितच कोणी आठवते. प्रत्यारोपणाआधी दिलेल्या रक्तामुळे शरीर दात्याविरुद्ध तयार होते आणि नंतर मज्जा नाकारते, हे आपल्या कुत्र्यांवरच्या अभ्यासांनी लवकर दाखवले. अप्लास्टिक अनिमियात, म्हणजे मज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते त्या आजारात, हे फार महागात पडते. त्यामुळे प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णाला संभाव्य दात्याचे किंवा नातेवाइकांचे रक्त द्यायचे नाही, आणि जे द्यायचे त्यातल्या पांढऱ्या पेशी गाळून, किरण देऊनच द्यायचे. निदानाच्या पहिल्या दिवसापासून हे पाळता येते. त्यासाठी तिसरे आणि मनापासूनचे आभार.

आपले कृतज्ञ,
प्रत्यारोपण विभागांत काम करणारे आम्ही