ताडपत्री भिंतीला चिकटवू नका

महोदय,

विदर्भातल्या खेड्यांत जुन्या वाड्यांची, देवळांची दुरुस्ती ऐन उन्हाळ्यात निघते आणि छप्पर उघडं असतानाच मृग लागतो. मग घाईघाईने भिंतीला ताडपत्री गुंडाळतात. त्याने ओल आतच कोंडते. ताडपत्री बांबूच्या चौकटीवर, भिंतीपासून वीतभर दूर आणि उतार देऊन बांधावी. कडा भिंतीबाहेर निदान 2 फूट याव्यात. भिंतीचा माथा सगळ्यात आधी झाकावा, पाणी तिथूनच गाभ्यात उतरतं.

खरा घात पायथ्याशी होतो. आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पायाजवळ पाणी साचलं तर वरून कितीही लिंपा, भिंत तडकते. पागोळ्यांचं पाणी पन्हाळीने पायापासून 5-6 फूट लांब न्यावं. पायाला लागून खोल चर मात्र खणू नये.

विटांच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर नकोच. ओलीला वाट उरत नाही, क्षार मागे साठतात, विटेचा भुगा होतो. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करावा: विझवलेला चुना 1 भाग, वाळू 3 भाग, थर पातळ, आणि वर काही दिवस ओलं पोतं.

तात्पुरत्या छपराचा खर्च अंदाजपत्रकात नसेल, तर काम दिवाळीनंतरच काढावं.

– जुन्या बांधकामांची दुरुस्ती करणारे काही गवंडी, जि. बुलढाणा